आसमानी शेर पायी निघाला त्याची हकीकत

वडीगोद्री, ता. अंबड
सोमवार, ३ मार्च १९९७

सौ. शहाजादी हिला,

कौसल्याचा सलाम घे आणि नमस्कारही घे, दोन्हींतला जो अजून तुझ्या अंगाला येत असेल तो ठेव. ईद होऊन तीन आठवडे झाले, पण मुबारकीला काही मुदत नसते, म्हणून तीही घे. तुझी तबियत, मालकांची तबियत आणि पोरांची तबियत कळव (पोरं दोन का तीन ते मला पक्कं माहीत न्हाई, तुझी अम्मी, नूरबी खाला, पोळ्याला शहागडात भेटल्या तेव्हा दोन म्हणाल्या, पण म्हणताना हसल्या). पत्ता त्यांनीच दिला. इकडं सगळं ठीक. माझं शिलाई मशीन ठीक, हायवेवर ट्रकांचे पंक्चर काढून राह्यलेले आमचे साहेबराव ठीक, आणि आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे ठीक नसले तरी जीभ ठणठणीत आहे. सात वर्षांत तू एकही पत्र पाठवलं न्हाईस ह्याचा मला बिलकुल राग न्हाई. मीही न्हाई पाठवलं. बराबरी झाली.

लिहायचं कारण घरातलं न्हाई. जालन्याला ‘आसमानी शेर’ पिक्चरचा भाग तिसरा आलाय.

तू विसरली असशील (विसरली असलीस तर पत्र इथंच ठेव आणि पोरांना जेवू घाल), पण मी न्हाई विसरले. पहिला भाग आपण शहागडात नदीकाठी तंबूत बघितला, मी चौदाची, तू चौदाला दोन महिने कमी. लाईनमन खांबावर चढतो, आभाळातली वीज अंगावर पडते, मरायचं सोडून उडायलाच लागतो, आणि दिवसा पुन्हा तोच गरीब लाईनमन. तंबूतल्या समद्या गावानं उडणं मान्य केलं. शंका एकच आली, ती तुझ्या अब्बांना. बोलावल्याबरोबर येणारा लाईनमन दाखवला, हे काही खरं वाटत न्हाई, म्हणाले. मला तेव्हापासूनच त्याच्या पाठीवरच्या लाल कापडाची काळजी. इतकं लांब कापड गळ्याशी एका बटनावर धरलेलं, वाऱ्यात त्याचा गळा कसा आवळत न्हाई? आता मी रोजचे चार ब्लाऊज शिवते, तरी मला उत्तर मिळालेलं न्हाई. तू मात्र वाद घालत बसली न्हाईस. अम्मीची लाल ओढणी गळ्यात बांधलीस आणि आमच्या कडब्याच्या गंजीवर चढलीस. ठरलं होतं दोघींनी उडी मारायचं. एक दोन तीन मी म्हणले, उडी तू मारलीस, मी गंजीवरच राह्यले. तुझा पाय महिनाभर सुजला आणि तू घरी सांगितलंस, पायरीवरून पडले. माझं नाव घेतलं न्हाईस.

दुसरा भाग नव्वद साली, जालन्यात. तुझं लग्न ठरलेलं, आठ दिवस राह्यलेले, आणि बुरख्याचं कापड घ्यायच्या नावाखाली आपण निघालेलो. त्या भागात शेरानं पूर अडवला, धरण उचलून धरलं, मंत्र्याची पोरगी सोडवली. पण डोंगरातल्या गावातली ती शाळामास्तरीण मोहिनी, जिला पहिल्या भागात ‘लौटूंगा’ म्हणून गेलता, तिच्या घरावरून दोनदा उडत गेला आणि एकदाही खाली उतरला न्हाई. पिक्चर सुटल्यापासून शहागडापर्यंत एसटीत आपण भांडलो. तू म्हणायचीस, “जो आदमी हातानं आगगाडी थांबवतो, त्याला दोन मिनिटं अंगणात उतरायला काय होतं गं? हे बिलकुल झूठ आहे.” मी म्हणायची, त्याच्या मागं दुनियेची कामं आहेत, इतक्या मोठ्या माणसाला वेळ नसतो. अंबडच्या पुढं तर कंडक्टरनं आपल्याला विचारलं, कुणाच्या घरची भानगड आहे म्हणून. उतरताना तू म्हणालीस, तिसऱ्या भागात तो येईल, आणि तो भाग आपण दोघी संगं बघू, मंग कळंल कोण खरं. आठ दिवसांनी तू परभणीला गेलीस. मला ताप होता म्हणून मी निकाहाला आले न्हाई, ते तुला माहीतच आहे.

तर आता काल काय झालं ते ऐक. दहा दिवसांमागं रस्त्यावरच्या टपरीला पोस्टर लागलं. मी घरात सांगितलं, अस्तराचं कापड संपलं, जुन्या जालन्यातून ठोक भावात आणावं लागंल. साहेबरावांनी मान हलवली, पण आत्याबाई म्हणाल्या, मलाही चष्मा बघायचाय, मी येते. मी म्हणलं गुडघे? त्या म्हणाल्या, चष्मा काय गुडघ्याला लावायचाय? रविवारी सकाळची गाडी धरली. जालन्यात उतरल्यावर अस्तर दहा मिनिटांत घेतलं, चष्म्याचं दुकान रविवारचं बंद (हे मला माहीत होतं, आत्याबाईंनाही माहीत होतं असं मला नंतर कळलं), आणि मंग मी भीतभीत म्हणले, आत्याबाई, तीन तास बसायला एक थंड जागा आहे. त्या म्हणाल्या, “शेराचा पिक्चर का? मंग इतका वेळ अस्तर कशाला चाचपत होतीस?”

बारा ते तीनच्या खेळाची मी तिकिटं घेतली. तीन. तिसरं का घेतलं ते मला विचारू नको. म्हणजे तू येणार नव्हतीस हे मला कळत होतं, मी काही वेडी न्हाई. पण ठरलं होतं ना. दोघींच्या मधल्या खुर्चीवर अस्तराचं गाठोडं ठेवलं. इतक्यात एक कॉलेजचं पोरगं आलं, संपत त्याचं नाव, छातीवर शेराचं तोंड छापलेला सदरा, आणि गाठोडं उचला म्हणालं, इथून पडदा बराबर दिसतो. मी म्हणलं, माणूस येणाराय. पोरगं पुढच्या रांगेत बसलं. आत्याबाई माझ्याकडं वळल्या, “कोण माणूस?” मी म्हणलं, आहे एक, जुनी ओळख. आता तू सांग, शहाजादी, सासूला असं उत्तर द्यावं का? पण त्या अंधारात मला दुसरं सुचलंच न्हाई. पुढचा सव्वा तास आत्याबाईंनी पडदा बघितला न्हाई. त्या दरवाजा बघत होत्या. दाराचा पडदा हलून कुणी गडी आत आला की त्या मला कोपर मारायच्या, “हा का?” एकदा तर बॅटरीवाला डोअरकीपर आला तेव्हाही मारलं.

पिक्चरचं ऐक. सुरुवातीलाच शेर उडता उडता थांबतो आणि धप्पकन पडतो. ताकद संपली. का संपली ते सांगत न्हाईत, जशी आली तशी गेली. लाल कापड झुडपाला अडकून फाटतं (बटन तुटत न्हाई, कापड फाटतं, अडाणी शिलाई). आणि मंग तो चालायला लागतो. नुसता चालतो, शहाजादी! मोहिनीच्या गावाकडं. मधी गुंड भेटतात तर मार खातो, नदी लागते तर नावाड्याच्या हातापाया पडतो. थेटरात आधी शिट्ट्या झाल्या, मंग शिव्या, मंग ‘उड रे उड’ असा गजर. संपत तर खुर्चीवर उभा राह्यला. लोक सात वर्षं वाट बघून आल्ते आणि त्यांचा शेर बाभळीखाली बसून पायातला काटा काढून राह्यलेला.

इंटरव्हलला बाहेर शेंगदाण्याच्या गाड्यापाशी सभाच भरली. कुणी म्हणे बनवणाऱ्याकडं उडवायला पैसा राह्यला न्हाई, कुणी म्हणे हा शेर नकली आहे, खरा शेवटी येईल. संपत रडकुंडीला आल्ता. म्हणाला, आम्ही लहानपणापासून ह्याच्यासाठी वेडे झालो, आणि हा माणसासारखा चालतो? असं कुठं असतंय? हे खरं वाटत न्हाई. तिथं माझ्यानं राहवलं न्हाई. मी म्हणले, “उडत होता तेव्हा तुला खरं वाटत होतं, आणि चालला तर वाटंना व्हय?” समदे माझ्याकडं बघायला लागले. मी आपली सुटलेच. तुझे समदे मुद्दे मी मांडले, एकूण एक, एसटीतले, तुझ्याच शब्दांत: आगगाडी अडवणाऱ्याला अंगणात उतरायला काय होतं, बाई दारात उभी आहे, तिनं काय आभाळाकडं बघतच म्हातारं व्हायचं? म्हणलं, पहिल्यांदा हा माणूस जिथं जायला पाहिजे तिथं निघालाय, तर जाऊ द्या की त्याला. आत्याबाईंनी मधीच विचारलं, इतका चालला तर चपलेचा अंगठा कसा तुटला न्हाई, आणि जेवला कधी? संपत हळूच म्हणाला, “ताई, तुमचं कुणी हाय का तिथं, त्या गावात?”

मी म्हणलं, “हाय.”

घंटा झाली. आत जाताना आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, “तो येणार हाय का न्हाई आता?” मंग मी खरं सांगितलं. तो न्हाई, ती. शहागडची मैत्रीण. शहाजादी. सात वर्षं झाली. आत्याबाईंनी गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि स्वतः मधल्या खुर्चीत बसल्या, मला चिकटून. म्हणाल्या, “ती आली की उठते.”

शेवट सांगते, कारण तुझा हक्क आहे. तो गावात पोचतो. तीच वाट, तेच अंगण. दारावर टकटक करतो. मोहिनी दार उघडते, केस पांढरे झालेत, चष्मा आहे. ती काही रडत वगैरे न्हाई. म्हणते, दोनदा वरून गेलास, मी मोजलं. तो म्हणतो, भीती वाटली. ती हसते, तुला, आगगाडी थांबवणाऱ्याला? तो म्हणतो, खाली उतरलो असतो तर तुला जाताना बघावं लागलं असतं, म्हणून उतरलोच न्हाई. मंग ती त्याला पाय धुवायला पाणी देते आणि पिक्चर संपतो. तू खरी ठरलीस. तो आला. कसा का असंना, उशिरा, पायी, कापडाशिवाय, पण आला. थेटरात कुणी शिट्टी वाजवली न्हाई.

घरी आल्यावर साहेबरावांनी विचारलं, चष्म्याचं काय झालं? आत्याबाई म्हणाल्या, “डॉक्टर म्हणला लांबचं बराबर दिसतंय, जवळचं बघत जा.” माझी सासू इतकी हुशार असंल असं मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

आता थांबते, दोन ब्लाऊजांना बाह्या लावायच्या आहेत. नूरबी खालांची प्रकृती छान आहे. तुझ्या घरच्या थोरांना सलाम, पोरांना (दोन का तीन) पापे. नदीला पाणी कमी आहे, तंबू लागायचा तिथं आता ट्रक धुतात. चुकलंमाकलं वाचून सोडून दे, फक्त पत्र सोडू नको.

तुझी,
कौसल्या

ता. क. – वर शेवट सांगितला तो मी बघितला न्हाई. शेरानं दार वाजवायला हात वर केला आणि थेटरातली लाईट गेली. जनरेटरला डिझेल नव्हतं. मॅनेजर म्हणाला पाच वाजेपर्यंत येईल, पण आमची गाडी चारची होती. दार उघडल्यापासून पुढचं समदं माझं आहे. दार उघडलं का न्हाई तेही मला माहीत न्हाई.

ता. क. दुसरा – निकाहाच्या दिवशी मला ताप नव्हता. मी शहागडच्या स्टँडमागं, उसाच्या ट्रकाच्या आड उभी होते. तुझी जीप पुलावर गेली, पल्याड उतरली, मंग धूळही बसली. तू एकदा काच खाली केलीस आणि मागं बघितलंस. मी हात वर केला न्हाई. मी भांडणावरून रुसले असं तू समजून राह्यली असशील. भांडण काहीच नव्हतं गं.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच – डोअरकीपर म्हणाला, गुरुवारी इथून पिक्चर उतरतंय आणि रिळांची पेटी परभणीला जातीय. पुढच्या शुक्रवारी, १४ तारखेला, तिथं बाराच्या खेळाला लागंल. साहेबरावांना मी विचारलंय आणि आत्याबाईंनी त्यांच्या वतीनं हो म्हणलंय. जालन्याहून सकाळची गाडी धरून मी अकरापर्यंत थेटरच्या दारात येते. तुझे मालक काय म्हणतील, पोरं कुठं ठेवशील, ते तुझं तू बघ. जमलं तर ये. न्हाई जमलं तर काही हरकत न्हाई, मी एकटी आत जाईन, शेवट बघीन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन.

ह्या शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवू नको.