हॅम्बुर्गची नुरा कुस्ती

सांगली, ५ फेब्रुवारी २०१७

चि. सुमेधास काकीचे अ. उ. आ.

तुझा व्हिडिओ इथे सगळ्यांच्या फोनवर फिरतो आहे. तुझ्या नोकरीच्या वृद्धाश्रमातले ते जर्मन पैलवान ओटो हसत हसत सांगतात, की हॅम्बुर्गच्या धंदेवाईक कुस्त्यांचे निकाल आधीच ठरायचे आणि सांगलीचा भाऊसाहेब पैसे घेऊन पडायचा. तालमीतली पोरं ह्यांना नुरा पैलवान, ठरवून पडणारा, म्हणू लागली. पोटासाठी तसल्या कुस्त्या केल्या, हे ह्यांनी मला लग्नाआधीच सांगितलं होतं. पण आता हे तालमीत जात नाहीत. माया आहे म्हणून विचारते, काकांची थट्टा का केलीस?

तुझी,
विजयालक्ष्मीकाकी

व्हिटबी, २ मार्च २०१७

ती. काकींस सा. न.

तुमचं पत्र वाचून शिफ्टला गेले, पण ओटोआजोबांच्या खोलीत पाऊल टाकवेना. थट्टा करायची नव्हती. काकांना ओळखणारा माणूस इथे भेटला, याचाच केवढा आनंद झाला होता. पण खोटं कसं सांगू? लोक हसतील तेवढाच भाग मी ठेवला. व्हिडिओ लांबत होता, म्हणून पुढचा कापला.

शेवटच्या कुस्तीत ओटोंनी पडायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी त्यांचा खांदा निखळला होता. मॅनेजर काकांना म्हणाला, "जोरात आपट, लोकांना त्याचा ओरडा ऐकायचाय." काकांनी ऐनवेळी स्वतःच पाठ टेकली. त्याच आठवड्यात काकांना काढून टाकलं. ओटो हे सांगताना रडले. ते रडणंही मी कापलं, काकी.

आता पूर्ण व्हिडिओ टाकला आहे. सेमिस्टर, जॉब, इथे कायम राहायच्या पीआरची धावपळ, ही कारणं सांगायचीही लाज वाटते. काकांना फोन करायचा धीर होत नाही.

रागावलात तरी तुमचीच,
सुमेधा

सांगली, २६ मार्च २०१७

चि. सुमेधास अ. उ. आ.

दुसरा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. ह्यांचा थोरला पठ्ठ्या मिलिंद पोरांना घेऊन पाया पडायला आला. ह्यांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं.

ह्यांचा तुझ्यावर राग नाही. म्हणाले, "ओटो जिवंत आहे, हे तिच्यामुळे कळलं. तिला म्हणावं, फोन कर." पण मी तालमीचं विचारलं, तेव्हा म्हणाले, की पहिल्या व्हिडिओला कोण कोण हसलं, ते मला ठाऊक आहे. अजून गेलेले नाहीत.

हे तुला कळवू नये असं वाटलं होतं. पण अर्धंच सांगून काय होतं, ते आपण पाहिलं.

थंडीत जप. माया आहे तशीच आहे.

तुझी काकी