साविनचा शनिवारचा पाव

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या कैद्यांच्या मनोरुग्णालयात साविन आहे. भ्रमात त्यानं स्वतःच्या आईला मारलं. दर शनिवारी तो आपला पाव इतरांना वाटतो. 'माणसं मुठीत ठेवायची चलाखी; पश्चात्ताप नाही,' असा अहवाल मी त्याची डॉक्टर म्हणून दिला. त्यावर त्याची सुटका ठरणार आहे.

काल त्यानं माझ्यापुढेही तुकडा धरला. "घ्या की बाई, आमच्या आईच्या, वेताच्या नावानं आहे." रुग्णांकडून काही घ्यायचं नाही असा नियम, म्हणून मी घेतला नाही.

मेलेल्यांच्या नावानं शनिवारी वाटायचं, घेणाऱ्यानं 'देव क्षमा करो' म्हणायचं, हे तूच शिकवलंस ना?

सोमवारी न्यायाधीशांना माझी चूक सांगेन. नोकरी बहुधा राहील.

वेतासाठी मेणबत्ती लावशील? मी ते शब्द म्हटलेच नाहीत.

तुझीच,
रुक्सांद्रा