कॅमेरा नापास

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
कॅमेरा घेतला. छोटा, खिशात मावणारा. जुना आहे पण टकाटक. वैजनाथकडून घेतला. चाळीस वर्षांची दोस्ती. त्याचा फोटो स्टुडिओ मोबाईलनं खाल्ला, आता क्रांती चौकात एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून जुने डिजिटल कॅमेरे दुरुस्त करून विकतो. कॉलेजच्या पोरींना म्हणे हेच पायजे. हातात मोबाईल असून. येडे लोक.
नात स्वराली म्हणाली, आबा, मोबाईलचाच कॅमेरा भारी असतो. म्हणलं, बघूच.
संध्याकाळी पूजा. घरची म्हणाली, बाजूला जरा टिकली लावा, बस. तिला काय माहीत. कंपनीत बत्तीस वर्षं दसऱ्याला मशीनची पूजा माझ्याच हातनं झाली. कोरडं कुंकू मशीनला धरत नाय, तेलात कालवावं लागतं. आणि मशीनचं काम जिथं चालतं तिथंच लावायचं, असा दस्तूर आहे. बटण दाबलं, नळी बाहेर आली, डोळा उघडला. डोळ्यालाच लावलं, चांगलं ठसठशीत. बटण दाबलं, पापणी मिटली. कॅमेरा पाया पडल्यासारखा वाटला.
वैजनाथनं माहितीचं पुस्तक दिलंय. कपाटावर टाकलं. मशीन हातानं कळतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ७.
टेस्टिंग चालू. मी सातवी पास, पण शेवटची अकरा वर्षं इन्स्पेक्शनला होतो. साहेब लोक पास करून आणायचे आन मी माल परत पाठवायचो. कॅमेऱ्याची काय कथा.
पेपर भिंतीला चिकटवला. टेपनं सहा फूट मोजले. स्टुलावर कॅमेरा. दहा फोटो.
८.३०. फोटोत धुकं दिसतंय. ऑक्टोबरात पडतं सकाळचं.
८.४५. घरची म्हणाली, धुकं घरात कसं येईल. खिडकी लावून घेतली. तिला टेस्टिंगमधलं कळत नाय.

४ ऑक्टोबर, शनिवार.
बाहेरचे छत्तीस फोटो. गाड्यांचे नंबर, लिंबाचं झाड, दुधवाला, घरची. स्वरालीनं कॉम्प्युटरवर मोठे करून लावले. सगळ्यात मधोमध तांबूस डाग. बाकीचं ताकातून काढल्यासारखं. घरची म्हणाली, माझं नाक कुठंय?
स्वराली लई हसली. म्हणाली, आबा, लेन्स पुसली का? द्या इकडं, बघते. दिला नाय. पोरींच्या हाताला चिप्सचं तेल असतं. म्हणलं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी मायक्रोमीटर धरतोय.
रजिस्टर केलं. नमुने ४६. पास शून्य. शेरा: मालात खोट.
वैजनाथनं मला फसवावं? मला?

६ ऑक्टोबर, सोमवार.
क्रांती चौकात गेलो. शांतपणे बोलायचं ठरवून गेलो होतो. टेबलापाशी दोन कॉलेजच्या पोरी, एकीच्या हातात असलाच कॅमेरा. माझं डोकं सटकलं. म्हणलं, पोरींनो, ठेवा तो खाली. इथला माल खराब आहे, ह्यानं दोस्ताला सोडलं नाय, तुम्हाला काय सोडणार? रजिस्टर दाखवलं. छापून आणलेले फोटो दाखवले. लोक जमले. पोरींनी कॅमेरा ठेवला आणि निघून गेल्या.
वैजनाथनं फोटो हातात घेतला. एकच. लई वेळ बघितला. मग माझ्याकडं बघितलं. आवाज न चढवता म्हणाला, गोकुळ, आत चल, चहा घे, कॅमेरा दाखव. म्हणलं, चहावर मिटवतो का? कॅमेरा घरी आहे. तो म्हणाला, बरं. आण कधीतरी, बदलून देतो.
बदलून देतो म्हणाला म्हणजे खोट कबूल. जिंकलो.
येताना घराची गल्ली चुकलो. ऊन होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
बागेतल्या कट्ट्यावर माझीच चर्चा. सांडू म्हणाला, मानलं बुवा गोकुळराव, दोस्त असला तरी सोडलं नाय. हा सांडू म्हणजे आमची गावभर फिरणारी भोंगा लावलेली रिक्षा. आणि ते झेरॉक्सचं दुकान त्याच्याच भाच्याचं. म्हणाला, भाच्याच्या कानावर घातलंय, दारात असला फसवाफसवीचा धंदा नको. मी म्हणलं, क्वालिटी म्हणजे क्वालिटी. सगळ्यांनी माना डोलावल्या.
चहा दोनदा मिळाला.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी.
कॅमेरा परत द्यायला काढला. पिशवीत टाकणार तेवढ्यात घरची म्हणाली, थांबा. पूजेची वस्तू दुसऱ्याच्या घरी कुंकवासकट देऊ नये, अपशकुन असतो. तिनंच बटण दाबलं. डोळा उघडला. पदरानं पुसला. पदर लाल.
ती पदराकडं बघत होती. मी भिंतीकडं.
मग म्हणाली, आता एक काढून बघा.
काढला. सहा फुटांवरून. पेपरातल्या छोट्या जाहिरातीतला फोन नंबरसुद्धा वाचता येतोय. भिंतीवरची पाल दिसतेय. पालीचे डोळे दिसतायत.
३ वाजता. अजून एक कारण असू शकतं. हवा बदलली असेल.
४ वाजता. हवा नाय बदलली.
घरचीनं चहा आणला. चहात साखर घालायला विसरली, तेवढंच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.
ठराव: आज वैजनाथला जाऊन सांगायचं. मर्दासारखं.
क्रांती चौकापर्यंत गेलो. तो कुणाशी तरी बोलत होता. धंद्याच्या टायमाला मधे जाणं बरोबर दिसत नाय. परत आलो.

११ ऑक्टोबर, शनिवार.
आज डोकं दुखलं. नायतर जाणारच होतो.
तसं बघितलं तर चूक त्याचीच. डोळ्याला कुंकू लावू नये असं विकतानाच सांगायला पायजे होतं.
स्वराली म्हणाली, पुस्तकात तिसऱ्याच पानावर लिहिलंय, लेन्सला हात लावू नका. इंग्रजीत लिहिलंय ना? मग.

१३ ऑक्टोबर, सोमवार.
क्रांती चौकातून मुद्दाम गेलो. टेबल होतं, पण रिकामं. कॅमेरे मांडलेलेच नव्हते. वैजनाथ एकटा स्टुलावर बसलेला, कापडानं एकच कॅमेरा पुसत. दिवाळी आठवड्यावर आलीय, हाच त्याचा सीझन.
मी पलीकडच्या बाजूनं गेलो. गाड्या लई होत्या, रस्ता ओलांडता आला नाय.
सिग्नल होता. लाल होता. तरी ओलांडला नाय.

१५ ऑक्टोबर, बुधवार.
शेवटी गेलो. त्याच्या घरी, पदमपुऱ्यात. कॅमेरा घेऊन. रस्त्यानं वाक्य पाठ केलं होतं. दारात गेल्यावर विसरलो. म्हणलं, वैजनाथ, त्याच्यावर कुंकू होतं.
तो म्हणाला, मला माहीत आहे.
म्हणलं, कधीपासून?
म्हणाला, पहिला फोटो बघितला तेव्हाच. चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेत मी गोकुळ. दर दसऱ्यानंतर एक तरी जण डाग पडला म्हणून येतोच. त्यात एक तू.
म्हणलं, मग तिथंच माझ्या थोबाडावर का नाय सांगितलं?
म्हणाला, भर चौकात होतो. पंधरा माणसं उभी होती. तुझी फजिती झाली असती.
त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या ठेवला. माझ्याकडं बघितलं नाय. ती मला भाऊ म्हणायची.
मी खाली बघून म्हणलं, माफ कर. तो म्हणाला, माफीबिफी नको. झेरॉक्सवाल्यानं सांगितलंय, मामा म्हणतो तुम्ही लोकांना फसवता, उद्या संध्याकाळपर्यंत टेबल उचला. तू उद्या सकाळी कट्ट्यावर सांडूला एवढंच सांग, की कॅमेरा चांगला होता. कुंकवाचं नको सांगू. एवढे चार शब्द बोल. सांडू भाच्याला सांगेल, मिटलं.
म्हणलं, एवढंच? आता बोललो समज. त्याच्या हातावर हात ठेवला.
येताना हलकं वाटलं. माणूस चुकतो, पण चूक कबूल करायला कलेजा लागतो. तो माझ्याकडं आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. पहाटे ५.
आंघोळ करून तयार. वाक्य तीनदा म्हणलं. कॅमेरा चांगला होता. घरची म्हणाली, कुणाशी बोलताय? म्हणलं, व्यायाम.

सकाळी ७.५०.
कट्ट्यावर सगळे होते. मी बसायच्या आधीच सांडू म्हणाला, या इन्स्पेक्टरसाहेब. त्यानं माझ्यासाठी जागा पुसली, रुमालानं. नवीन दोघं आले होते, त्यांना त्यानं माझी ओळख करून दिली. म्हणाला, हे गोकुळराव, ह्यांच्या नजरेतून खोटा माल सुटत नाय, सख्ख्या दोस्ताचासुद्धा.
मी तोंड उघडलं. म्हणलं, तो कॅमेरा.
सांडू म्हणाला, सोडा हो, आज उठतंय त्याचं टेबल. दिवाळीला फ्रिज घ्यायचाय, तुम्ही सांगा, फ्रिजची टेस्टिंग कशी करायची?
सगळे माझ्याकडं बघत होते. नऊ माणसं.
म्हणलं, दाराच्या रबरात कागद धरायचा. दार लावायचं. कागद ओढायचा. सहज निघाला तर रबर ढिलं.
सगळे म्हणाले, वा.
मग वॉशिंग मशीनचं विचारलं. तेही सांगितलं.

रात्री ८.
फोन वाजला. म्हणलं, राँग नंबर असेल, राहू दे. घरचीनं फोन उचलून बघितला. म्हणाली, वैजनाथ भावजींचं नाव येतंय. माझ्या हातात दिला आणि आत गेली.
वाजून वाजून बंद झाला.