जाहिरातीतली जोडी

शिकागो

प्रिय ममा,

गुडघा आता कुरकुरत नसेल अशी आशा.

फोनवर विचारलंस, "हल्ली साबणाच्या जाहिरातीतही काळा नवरा नि गोरी बायको का रे?" अगं, त्या मीच बनवतो. कंपनीवाले म्हणतात, "थॅडियस, एका सोफ्यावर दोन्हीकडची गिऱ्हाइकं बसव!" शिवाय कंपनी नव्या जमान्याची दिसते. कुणी चिडलंच, तर गाजावाजा फुकटात.

"पण जोडी गोड दिसते हो," म्हणालीस.  

इंग्रिड बरी आहे. आमच्याही सोफ्यावर काळा नवरा नि गोरी बायकोच बसतात, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. दर जुलैत कुटुंबाच्या मेळाव्यासाठी जावई-सुनांसकट सगळ्यांचे आडनावाचे शर्ट छापतात, तेव्हा व्हर्नेलताई माझ्या एकट्याचंच माप विचारते. यंदा इंग्रिडचाही छापा, मिडियम. नाहीतर माझाही नको.

तुझाच,
थॅडियस