तिळाची विरळणी

मंगळवार, दिवेलागण. चऱ्होली.

आज ताडपत्रीवर तीळ झटकला. दरवर्षीपेक्षा पुष्कळ जास्त निघाला. खत नेहमीइतकंच, फरक फक्त विरळणीचा.

विरळणी दरवर्षी मालती करायची. दोन रोपांत वीतभर अंतर हवं, हे मी बायकोला किती वेळा सांगितलं! ती मात्र चिकटून उगवलेली दोन्ही रोपं तशीच ठेवायची. मी ओरडलो की म्हणायची, “असू द्या वो, जोडी न्हाई मोडायची.” मग दाटीत बोंडं कमी धरायची.

माघात ती गेली. यंदा विरळणी मीच केली, वीत टाकून. प्रत्येक जोडीतलं एक रोप उपटलं. हात थांबत होता, तरी उपटलं.

समोरच्या बिल्डिंगीत दिवे लागलेत. तिळाचा ढीग नुसता बघत बसलोय. माझंच खरं ठरलं, मालती. आता भांडायला तरी ये.