गल्लीपर्यंतची बस

आई, चिखलीतली तुझी शेड आता हलणार आहे. हलवा असं लिहिणाऱ्यांत मीही आहे, म्हणून आधी तुलाच सांगावं म्हटलं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे पुढे माझं काय झालं हे तुला ठाऊकच नाही. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण हा सगळा पट्टा पुढे कसा वाढावा, कारखाने कुठे, घरं कुठे, माणसांना काम कुठे मिळेल, याचा आराखडा करणाऱ्या ऑफिसात मी असते. त्यातलं रोजगाराचं प्रकरण माझ्याकडे आहे. ऐकायला भारी वाटतं, पण दिवस बहुतेक मीटिंगांत आणि गार झालेल्या चहात जातो. तर आराखड्यात असा प्रस्ताव आहे, की चिखलीत घरांना चिकटून असलेली छोटी वर्कशॉप उचलायची आणि चाकणच्या पलीकडे नव्या जागी न्यायची. रबर तापवणारी सगळ्यांत आधी.

म्हणजे तुझीच. मालक बदलला, पत्रे बदलले, काम तेच आहे: साच्यातून निघालेल्या रबरी वायसरच्या कडेचं जादा रबर कात्रीने कापायचं. शाळा सुटली की मी थेट तिथे यायचे. जळक्या रबराचा वास गल्लीच्या तोंडापासूनच सुरू व्हायचा. गोणपाटावर बसलेल्या बायका, मध्ये वायसरचा ढीग, आणि तू खिडकीखाली. मी दारात दिसले तरी तुझी कात्री थांबत नाही, नुसती भुवई वर जाते. डब्यातली अर्धी भाकरी तू माझ्यासाठी ठेवलेली असते, शेंगदाण्याच्या चटणीसकट, आणि तिलाही तुझ्या बोटांचा वास असतो. घरी गेल्यावर डाळीचं पीठ लावून तू बोटं घासायचीस, तरी तो जायचा नाही. सगळ्या आयांना असाच वास येतो, असं मला कितीतरी दिवस वाटायचं.

एका खंडेनवमीला तुम्ही कात्र्या धुऊनपुसून मांडल्या, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. पेढे वाटून झाले आणि बायका गप्पांत रमल्या. मी हळूच तुझी कात्री उचलली आणि दोन-चार वायसर कापले. शेजारची मावशी म्हणाली, "अगं, पोरीचा हात बघ की! तुझ्यावरच गेलीय." तू माझ्या हातातून कात्री हिसकावून घेतलीस. "ठेव ती. हात शिकला की सुटत न्हाई." मला वाटलं, पूजेतली कात्री उचलली म्हणून ओरडलीस. घरी जाताना कोपऱ्यावर एका मोठ्या कंपनीची बस उभी होती, खिडक्यांना निळे पडदे. तू चालता चालता थांबलीस.

"काय बघायलीस गं?" मी विचारलं.

"खिडकीशी बसून कामाला जायचं, उतरलं की क्यांटीन. तू अशी जा." मग स्वतःशीच हसलीस. "जमलं तर मला बी ने एकदा."

गेल्या आठवड्यात मी शेडवर गेले होते. तुझ्या खिडकीखाली एक बाई बसली होती, तेव्हाच्या तुझ्या वयाची. म्हणजे माझ्याहून लहान. हे ध्यानात आलं तशी मी तिच्याशेजारी गोणपाटावर टेकले. मग विचारलं, शेड चाकणच्या पलीकडे गेली तर याल का?

"कशी येणार, मॅडम? पोरगी शाळेतून इथंच येती. तिकडं जायचं म्हंजे गाड्या बदलत जायचं. आमचं काम सुटलंच म्हणा की."

एवढ्यात समोरच्या इमारतीतल्या आजींनी गॅलरीतून आवाज दिला, "न्या हो, लवकर न्या! खिडकी उघडायची सोय न्हाई आमाला." दोघींचंही खरं होतं. आजींच्या कडेवर नातू होता आणि तो खोकत होता.

मी लिहून दिलं, की शेड हलवा, पण आधी बस सुरू करा. ती या गल्लीपर्यंत यायला हवी, आणि तिकडे बायकांच्या पोरांना बसायला खोली हवी. साहेब म्हणाले, "मॅडम, आपण एवढ्या मोठ्या प्रदेशाचा आराखडा करतोय, बसचं टाइमटेबल नाही." मी म्हटलं, "मग कामाला माणसं पोचणार कशी, ते कुठे लिहायचं?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अट मसुद्यात राहिली आहे. शेवटपर्यंत टिकेल की नाही माहीत नाही, पण मी भांडणार आहे. निळ्या पडद्यांची अट मात्र मला घालता आली नाही.

शेड गेली की त्या गल्लीत तुझं काहीच उरणार नाही. अजूनही ऑफिसातून येताना मी वाट वाकडी करून तिथून जाते. लोक नाकाला रुमाल लावतात तिथे मी गाडीची काच खाली करते. आई, तुझी फार आठवण येते. वय वाढलं की कमी होईल म्हणायचे सगळे, तसं काही झालं नाही. ती बस सुरू झाली तर पहिल्या दिवशी खिडकीशी तुला बसवायचं होतं मला.

आणि एक राहिलंच. त्या दिवशी शेडवरून निघताना मी त्या बाईची कात्री मागून घेतली. एक वायसर उचलला, बोटांत फिरवला, आणि जादा रबर सलग पट्टीत सुटून मांडीवर पडलं.

"अगं बाई! मॅडम, कुठं शिकलात हो?"

"इथंच," मी म्हटलं.

हात विसरला नव्हता. तू ज्याला भीत होतीस नेमकं तेच झालं, आणि मला इतका आनंद झाला की मी आणखी एक कापला. हे तुला कळलं तर तू रागावशील, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच ठेवते आहे. नाहीतर असं कर, कळूच दे तुला. रागवायला तरी ये.