गुलाबाईचा खाऊ आणि अडलेला शब्द

प्रिय कुसुम,

तुला जाऊन वर्ष झाले. तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने मृत मैत्रिणीला पत्र लिहावे, याचे समर्थन माझ्यापाशी नाही. पण आज मी घाबरले आहे, आणि ही भीती तुझ्यावाचून कोणाला कळेल?

माझी नात इरा माझ्यासारखीच बोलताना अडखळते. तिचा शब्द अडला की वर्गातली श्रेया हवेत बोट गोल फिरवते. "थांबा, बफरिंग होतंय!" सारा वर्ग हसतो. सोमवारपासून इरा शाळेत गेलेली नाही. आणि आज संध्याकाळी तिने आपण होऊन त्याच श्रेयाला आमच्या जळगावच्या घरी गुलाबाईची गाणी म्हणायला बोलावले आहे!

"ती आली आणि हसली नाही, तर उद्या शाळेत जाईन, आजी."

हसली तर? वाक्याचा तो भाग तिने उच्चारलाच नाही.

तू सोनगीरच्या महामार्गावरचे ट्रक पाहत वाढलेली. माझा शब्द अडला की "धक्का द्या वं, हिनी गाडी अडकनी!" असे ओरडून माझ्या पाठीत खरोखर धक्का द्यायचीस. काय मिळत होते गं तुला त्यात? पुढे जन्मभर मैत्रीण राहिलीस, पण याचे उत्तर दिले नाहीस.

आमच्या घरची ती गुलाबाई आठवते? गाणी संपली आणि आईने झाकलेला डबा खुळखुळवला. खाऊ ओळखण्यात तू कधी हरली नव्हतीस. त्या दिवशीही वासावरून तुला कळले होते. तुझे डोळे मी पाहिले. तरी म्हणालीस, "आम्ही बठ्ठ्या हारनूत. आते तूच सांग, मालती."

पाहुण्या हरल्या की खाऊचे नाव घरच्या मुलीने सांगायचे, हा रिवाज. तू मला मान देत होतीस की सापळा लावत होतीस? दोन्ही पक्षांना पुरावा सारखाच होता. 'सांजोऱ्या' हा शब्द पहिल्याच अक्षरावर अडला. तुझ्या शेजारची मुलगी फिसकन हसली. तिच्याकडे न पाहताच तू तिच्या तोंडावर हात ठेवलास आणि थांबलीस. शब्द येईपर्यंत थांबलीस.

पण एका कुसुमवरून श्रेयाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. हेच मला घाबरवते. म्हणून सकाळी इराला सुचवले, "केळीचे वेफर ठेव, कोणीही ओळखेल." म्हणजे तिला बोलावेच लागणार नाही. ती म्हणाली, "नको आजी. कोणी ओळखायलाच नको." डब्यात तिने सांजोऱ्या भरल्या आहेत.

फाटक वाजले. मुली आल्या. त्यांत श्रेया आहे की नाही, येथून दिसत नाही.

इराचा शब्द अडला की तो मी पुरा करून देते, ही माझी सवय तुला ठाऊक आहे. आज मी दाराशी ओठ मिटून उभी राहीन. कोणी हसले तरी, कितीही वेळ लागला तरी, धक्का देणार नाही.

भ्यालेली,
तुझी मालती